तीनशे कोटींचा नवरदेव

आठवड्याच्या मधल्या वारी, दुपारच्या खेळाला, धो धो पावसात एकटाच माणूस बाल्कनीचं तिकीट मागतो, तेव्हा समजावं की हा एकतर एसटी चुकलेला आहे, नाहीतर प्रेमात पडलेला. पारिजात टॉकीजच्या बुकिंगच्या खिडकीत बसून बसून नंदिनीनं एवढं ज्ञान कमावलं होतं. त्यामुळं त्या दुपारी जाळीतून ओला हात आत आला, तेव्हा तिनं मान वर न करताच विचारलं,

"पुढची गाडी किती वाजता हाय?"

"कुठली गाडी? मला सिनेमा बघायचाय. एक बाल्कनी."

हात लांब बोटांचा होता आणि बोटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या. विट्यात असा हात बघितला की माणसाचा धंदा विचारावा लागत नाही. गलाईवाला! सोनं वितळवणाऱ्याला मूस कधी ना कधी डागतेच. नंदिनीनं मान वर केली… आणि तिच्या हातातलं तिकिटाचं बुक तसंच राहिलं. भिजलेले केस, नाकावरून ओघळणारं पाणी, आणि तोच चेहरा, जो स्टँडपासून बाजारपेठेपर्यंत प्रत्येक खांबावर लटकत होता.

"अगं बाई! फ्लेक्सवाले तुमीच ना?"

"चेहरा माझा हाय," तो घाईघाईनं म्हणाला, "पण त्यो गॉगल माझा न्हाई. ज्ञानूकाकानं चिकटवून घेतलाय."

ती फिस्सकन हसली. तोही हसला. बाहेर परतीच्या पावसानं पन्हाळीचा ताशा धरला होता.

आता हे फ्लेक्स कसले, तर ह्याच्या, शिवतेजच्या सिनेमाचे. विट्याची निम्मी घरं गलाईच्या धंद्यापायी मुलखाबाहेर. कुणी कोचीनला, कुणी लुधियान्याला, शिवतेजचं दुकान विजयवाड्याला. दसरा आला, पालख्यांच्या शर्यतीचे दिवस आले, की ही सगळी पाखरं घरट्याकडं परततात. यंदा शिवतेज परतला तो एकटा नाही, बातमी घेऊन. 'वज्रकेतू' नावाचा तो अवाढव्य तेलुगू सिनेमा, हिंदीत येऊन गावोगाव गाजलेला, त्यात म्हणे शिवतेजचा पैसा होता. पेपरात आलं, तीनशे कोटींचा गल्ला. झालं! त्याच्या चुलत्यानं, ज्ञानूकाकांनी, गावभर फ्लेक्स लावले : 'आपल्या मातीतला निर्माता'. गल्लीतली पोरं त्याला बघून नाचून दाखवायला लागली, न जाणो पुढच्या सिनेमात चान्स मिळाला तर.

"आपल्याच सिनेमाचं तिकीट काढताय? जावा की आत, फुकट सोडते."

"नको," तो म्हणाला. "तिकीट काढूनच बघतो. ह्या सिनेमाचा तेवढाच पैसा माझ्या डोळ्यांदेखत कुणाच्यातरी गल्ल्यात पडंल."

हे बोलणं नंदिनीला जरा विचित्र वाटलं. तिनं तिकीट फाडून दिलं. खरं सांगायचं तर तिला त्याहून जास्त एका गोष्टीचं वाईट वाटलं. फ्लेक्स लागल्या दिवसापासून ती मनात म्हणत होती, हा येईल, आपल्याला ओळखेल. आणि हा आला, तिकीट घेतलं, सुटे पैसे मोजले अन् जिना चढून गेलासुद्धा!

मध्यंतराला तिनं चहा पाठवायचा, तर स्वतःच घेऊन गेली. बाल्कनीत तो एकटाच पहिल्या रांगेत कठड्यावर हनुवटी टेकून खाली बघत होता. पडद्याकडं नव्हे, खुर्च्यांकडं.

"माणसं किती हायती?" त्यानं विचारलं.

"सात. त्यातली दोन आमचीच, गळकं बघायला बसवल्यात."

त्यानं चहाचा घोट घेतला आणि मागं न बघता, अगदी सहज विचारलं, "नंदे, धुळामामाची मोपेड अजून हाय का गं?"

नंदिनीनं बशी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

"म्हंजे… खाली ओळखलं हुतंस?"

"जाळीतनं तुझं नाक दिसलं तवाच. पण तूच म्हणालीस, फ्लेक्सवाले. मला वाटलं, आता तुमी-आमी करायचं वय झालं."

काय म्हणावं या माणसाला! आणि मग त्या अंधाऱ्या बाल्कनीत, खाली सातजण भडंग चावत असताना, सगळे जुने दिवस एकदम उठून बसले.

तेव्हा सिनेमा रिळांच्या पत्र्याच्या डब्यांतून यायचा. आताचं काय, आता तो वरून उपग्रहातून उतरतो, कुणाला घाम येत नाही. त्या वेळी एकच प्रिंट दोन गावांत चालायची. मायणीला पहिलं रीळ संपलं की धुळामामा ते मोपेडला बांधून विट्याला पळवायचा. इथला खेळ म्हणून तासभर उशिरा. मामाचं चाक पंक्चर झालं की इथं अंधार, आणि अंधारात अख्ख्या टॉकीजच्या शिट्ट्या. नंदिनीचे वडील, आप्पा, तेवढ्या वेळात कापडदुकानांच्या नि बियाण्यांच्या जाहिरातींच्या काचा पडद्यावर टाकायचे. मे महिन्यात शिवा विजयवाड्याहून गावी आला की त्याचा मुक्काम प्रोजेक्टरच्या खोलीत. तिथल्या एकाच स्टुलावर दोघं अर्धे अर्धे बसायचे. तो तिच्यासाठी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची आंध्रातली मिठाई आणायचा, आणि ती खाताना ठसका लागून प्रोजेक्टरवर साखर उडाली म्हणून दोघांनी आप्पांचा मारही खाल्ला होता.

"आणि ती उलटी रिळं?" तो म्हणाला.

"हीरो आधी मेला…"

"…आणि पुढच्या रिळात त्याचं लगीन लागलं!"

"एकानं तक्रार केली न्हाई! लोक म्हणाले, आप्पा, शेवट लय गोड केलासा."

दोघं एवढे हसले की खालून कोणीतरी "ओ, गप बसा की" असं ओरडलं. मग तो पुन्हा कठड्यावर टेकला. दोघांच्याही मनात एकच आलं असणार. दहावीच्या वर्षी त्याचे वडील गेले, दुकान सांभाळायला तो तिकडंच राहिला, मे महिने आले नि गेले. निरोपसुद्धा घेता आला नव्हता.

सिनेमा सुटला, पाऊस थांबला नाही. सातजण छत्र्या उघडून गेले. शिवतेज बुकिंगच्या खोलीत बाकड्यावर टेकला. नंदिनीनं कागदावर भडंग ओतलं, वर कांदा चिरून टाकला, आणि इतका वेळ ओठांवर असलेलं विचारूनच टाकलं, "मग, निर्माते? तीनशे कोटीतलं तुमच्या पदरात किती पडलं?"

त्यानं भडंगाचा कागद तिच्याकडं सरकवला. मग म्हणाला, "तूच सांग की. तिकीट तू फाडतीस."

"सांगू? हात लावायचा न्हाई हां." तिनं भडंगाचा ढीग मधोमध केला. "हा झाला गल्ला. पेपरात छापतात तो. ह्यातला पैला घास सरकारचा, कर." तिनं एक मूठ बाजूला केली. "राहिलं त्यातलं निम्मं आमचं, टॉकीजवाल्यांचं. आमी वीज भरायची, छत गळतंय ते बघायचं. ही वितरकाची दलाली. ह्या जाहिराती, विमानातनं गावोगाव नाचत फिरले त्याचा खर्च. हे सावकाराचं व्याज. सिनेमा चार महिने लांबला की व्याज चार महिने. आणि ही मोठी मूठ हीरोची. सिनेमा पडो, चालो, त्यो आपलं आधीच घेऊन जातो."

त्यानं हळूच एक शेंगदाणा उचलला. तिनं हातावर चापट मारली.

"ऊस काट्यावर किती भरला ते सगळं गाव विचारतं. कपात होऊन हातात किती आलं, ते घरच्यांनाच ठावं. तसंच हे."

"आणि एवढुसं उरलंय ते?"

"निर्मात्याचं. आता तुमचं सांगा. तुमचा वाटा गल्ल्यात का नफ्यात?"

पावसाचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

"…नफ्यात," तो म्हणाला.

नंदिनीनं उरलेलं भडंगही उचललं आणि तेलकट कागद त्याच्यापुढं सरकवला. "मग हा कागद तुमचा."

चेष्टेनंच केलं तिनं. पण त्याचा चेहरा बघितला आणि तिनं कागद पुन्हा आपल्याकडं ओढला.

"बरोबर वळखलंस," शिवतेज म्हणाला. "मला एक रुपाया मिळाला न्हाई. हिशेबात सिनेमा तोट्यात हाय म्हणं. टीव्हीचे, गाण्यांचे, मोबाईलवर दाखवायचे हक्क रिलीजच्या आधीच विकले, पण ते दुसऱ्या कंपनीच्या नावानं. ती कंपनी बी मूळ निर्मात्याचीच. आधीचा एक पडेल सिनेमा हुता, त्याचा खर्च बी ह्यातच टाकला. सिनेमा तोट्यात आणि निर्माता नव्या बंगल्यात!"

"पण तू सही कशी केलीस रं?" ती तुमी-आमी विसरूनच गेली.

"आमच्याकडं गिऱ्हाईक जुनं सोनं घेऊन येतं. त्याच्यासमोर मूस तापते. घट काय जायची ती एकदाच जाते, राहिलं ते त्याचं. तीन पिढ्या आमी असंच वागलो. मला वाटलं नफा म्हंजे तसंच… घट वजा जाता राहिलेलं. ह्यांच्या मुशीत घट थांबतच न्हाई गं."

दुसरं दुकान काढायला साठवलेले पैसे होते ते. कर्ज नव्हतं, पहिलं दुकान शाबूत होतं. गेली होती ती दहा वर्षांची साठवण आणि थोडा स्वतःवरचा विश्वास. नंदिनीला वाटलं, उठावं आणि याच्या ओल्या केसांवरून टॉवेल फिरवावा. वाटण्यावर का कुणाचा कर असतो? ती बसूनच राहिली.

"मग हे गावाला सांगत का न्हाईस?"

"काका फ्लेक्स लावून बसलेत. आई देवळात पेढे वाटून आली. आणि…"

"आणि काय?"

"साताऱ्याकडचं स्थळ आलंय. सुभेदाराची पोरगी. दसरा झाला की रविवारी सुपारी फोडायचीय."

"वा," ती म्हणाली. "चांगलंय की." आणि उगाचच तिकिटांची थप्पी सरळ करायला लागली.

त्यानंतर तो रोज दुपारी यायला लागला. तिकीट काढायचा, बाल्कनीत बसायचा, मध्यंतराला चहा. कधी तो विजयवाड्याच्या गमती सांगायचा, कधी ती टॉकीज चालवायच्या. वडापाव विकून टॉकीज जगते आणि पडद्यावरचे महाल उगाच भाव खातात, असं ती म्हणाली की तो हसायचा. हसताना त्याची डावी भुवई वर जायची, लहानपणी जायची तशीच. दसऱ्याला पालख्या धावल्या. गुलालानं लाल झालेल्या गर्दीत रेटा आला, तेव्हा शिवतेजनं तिचं मनगट घट्ट धरलं. पालख्या पुढं निघून गेल्या, गर्दी पांगली, मनगट काही सुटलं नाही. तिनंही सोडवून घेतलं नाही. त्या क्षणी नंदिनीला कळून चुकलं की आता आपलं काही खरं नाही. आपण याच्यावर जीव लावून बसलोय आणि चार दिवसांनी याची सुपारी आहे.

दुसऱ्या दिवशी टॉकीजच्या पायरीवर तिनं त्याला गाठलं.

"सुपारीच्या आधी त्या माणसांना खरं सांग."

"आईची मान खाली जाईल."

"आणि लग्नानंतर कळलं म्हंजे वर जाणार हाय का?"

"ती मला बघून हो म्हणाली का तीनशे कोटींना, हेच मला कळंना झालंय, नंदे."

"म्हणून तर सांग. मग कळंल."

बोलली खरी ती तडफेनं. पण त्या सल्ल्यात धर्म थोडा आणि स्वार्थ मोठा होता. सांगितलं की स्थळ मोडणार, हा तिचा सरळ हिशेब. मोडलं की… पुढचं ती मनातसुद्धा पुरतं बोलत नव्हती.

रविवार उजाडला. शिवतेजच्या आईनं, विजयमालाकाकींनी, हक्कानं निरोप धाडला, "नंदे, पोह्याला हात पुरत न्हाईत, ये गं बाई." न जाऊन कसं चालेल? ती आप्पांबरोबर गेली. स्वयंपाकघरात कांदा चिरत बसली. डोळ्यांतून पाणी यायला कांद्याचं निमित्त बरं होतं.

बाहेर सोप्यात साताऱ्याची मंडळी बसली होती. सुभेदार शंभूराज, पलटणीतून निवृत्त, मिशा अजून ड्यूटीवर. शेजारी अंकिता, गोरीपान, शांत. ज्ञानूकाका ताटात सुपारी, हळदकुंकू मांडत होते. चहाचा ट्रे घेऊन नंदिनी दारात आली, आणि तेवढ्यात शिवतेज उठून उभा राहिला.

"सुभेदार, सुपारी फोडायच्या आधी एक सांगायचंय. तीनशे कोटी आमचे न्हाईत. सिनेमातनं मला एक रुपाया मिळाला न्हाई, मिळणार बी न्हाई. घातलेलं सगळं बुडालं. फ्लेक्सवर लिवलंय ते खोटं हाय."

ज्ञानूकाकांना ठसका लागला. "आवं, चेष्टा करतंय पोरगं! लहानपणापास्नं असंच हाय ते…"

"काका, गप बसा."

विजयमालाकाकी मटकन खाली बसल्या. सुभेदारांनी मिशीवरून बोट फिरवलं.

"दुकान हाय का?"

"हाय. बापाचंच."

"कर्ज?"

"न्हाई."

"दारू, पत्ते?"

"न्हाई."

सुभेदार मोठ्यांदा हसले. "मग झालं की! निर्माता आमच्या मंडळींना पाहिजे हुता, मला न्हाई. तीस वर्षं पलटणीत खोटे रिपोर्ट ऐकून माझे कान किटले. चार माणसांत उभा राहून आपलं बुडाल्यालं सांगणारा गडी मी आज बघितला. असा जावई दिवा घेऊन हुडकला तरी गावायचा न्हाई. फोडा सुपारी!"

सोप्यात जो तो सुटकेचा श्वास सोडायला लागला. नंदिनी मात्र दारात तशीच उभी. वा गं शहाणे! साऱ्या जगाच्या कपाती तुला ठाऊक, आणि आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलास. खरं सांग म्हणालीस, त्यानं सांगितलं, आणि त्या खरेपणावरच दुसरीनं त्याला नेलं.

ज्ञानूकाकांनी सुपारी उचलली.

"थांबा," शिवतेज म्हणाला.

"आता काय राहिलं रं?" काका जवळजवळ रडकुंडीला आले.

"सुभेदार, मघाचं सांगायला सोपं हुतं. ते पैशाचं हुतं. हे… हे सांगायला जीभ उचलंना." त्यानं घाम पुसला. "अंकितात काय बी खोट न्हाई. खोट माझ्यात हाय. मी रोज दुपारी टॉकीजला जात हुतो. घरात सगळ्यांना वाटलं, पोरगं आपला सिनेमा बघतंय. आवं, त्यो सिनेमा इतका टुकार हाय की एकदा बघवत न्हाई! कोण त्याच्यासाठी रोज भिजत जाईल?"

विजयमालाकाकींची नजर लेकाच्या नजरेमागं गेली आणि दारात येऊन थांबली.

पहिल्यांदा बोलली ती अंकिता. "बाबा, जाऊ द्या. आपण आल्यापास्नं ह्यांचं ध्यान त्या दाराकडंच हाय. मला वाटलं, चहाची लय तलफ दिसतीय."

कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सुभेदारांचा चेहरा लाल झाला होता. ते उठले, टोपी घातली, दोन पावलं गेले, परत फिरले.

"मघाशी मीच म्हणालो, खरं बोलणारा गडी हाय. आता खरं बोलला म्हणून बोंबलू कुठल्या तोंडानं?" त्यांच्या आवाजात राग होता आणि त्याच्याखाली कुठंतरी मायाही होती. मग ते दाराकडं वळले. "पोरी, तुझं काय? का ह्यो एकटाच उडी मारतोय?"

अख्खं घर तिच्याकडं बघत होतं. कोपऱ्यातून आप्पाही बघत होते. विजयमालाकाकी हळूच उठल्या, तिच्या हातातला ट्रे काढून घेतला नि म्हणाल्या, "बोल गं बाई. आज घरात सगळ्यांनी खरंच बोलायचं ठरवलंय."

एरवी गाडाभर बोलणारी नंदिनी. गल्ला, दलाली, व्याज, सगळं तोंडपाठ असलेली. आज ती नुसतीच कांद्याचे हात पुसत होती. तिनं शिवतेजकडं बघितलं. तो घाबरला होता… चार माणसांत आपलं बुडालेलं सांगतानाही घाबरला नव्हता तो, आत्ता घाबरला होता.

"मला हे," ती म्हणाली, मग तिनं पुन्हा सुरुवात केली, चांगली मोठ्यानं, सुभेदारांनाच नव्हे तर ओसरीवरच्यांनाही ऐकू जाईल अशी. "मला हे तीनशे कोटींच्या लय आधीपास्नं पाहिजे हुते."

शिवतेज आईदेखत, काकांदेखत, सगळ्या पाहुण्यांदेखत वेड्यासारखा हसायला लागला. नंदिनीच्या गालावरून पाणी ओघळत होतं. या वेळी कांद्याचं नाव सांगायची तिला गरज वाटली नाही.